विंगेतला मुलगा : एका वर्गमित्राच्या स्मरणाचे प्रकरण

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या वाळपईच्या आसपासच्या गावांतली मुले ज्यात येतात असे एक अनुदानित हायस्कूल. चौथीपर्यंत गावची मराठी शाळा, पाचवीपासून इंग्रजी माध्यम, घरी कोंकणी, आणि नाटक-भजन मराठीत. सत्तरीतल्या कितीतरी मुलांचे शिक्षण असेच झाले आहे. या हायस्कुलातून १९९९ च्या मार्चमध्ये ५२ जण दहावीला बसले. त्यांतला एक मुलगा ९ ऑगस्ट २००३ रोजी, विसाव्या वर्षी, पावसात मोटरसायकल घसरून गेला. मोटरसायकल चालवत होता तो त्याच वर्गातला मित्र. तो वाचला.

२०२४ च्या मे महिन्यासाठी बॅचने पंचवीस वर्षांचे स्नेहसंमेलन ठरवले आणि ‘त्याच्यासाठी काहीतरी करायचे’ असा विषय निघाला. ते काहीतरी म्हणजे नेमके काय आणि कोणाला विचारून करायचे, यात पुढचे तीन महिने गेले. हे प्रकरण एकाच घराचे नाही. गोव्यातल्या बॅचेसमध्ये पुन्हा पुन्हा घडणाऱ्या गोष्टी इथे एका वर्गात आणून मांडल्या आहेत, आणि कोणाची ओळख पटेल असा तपशील ठेवलेला नाही.

पहिला आराखडा

पाच जणांच्या समितीने फेब्रुवारीत एका संध्याकाळी सगळे ठरवून टाकले. फाटकाजवळ आठ बाय चार फुटांचा फ्लेक्स, त्यावर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. समईशेजारी हार घातलेला फोटो. दोन मिनिटांचे मौन. आईचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. आणि दरवर्षी दहावीत मराठीत पहिल्या येणाऱ्याला त्याच्या नावाने १,००१ रुपयांचे पारितोषिक. हेतू निर्मळ होता. पण एकही गोष्ट घरच्यांना विचारलेली नव्हती.

पंधरा दिवसांत तीन ठिकाणी बिघडले. फ्लेक्सचा नमुना बॅचच्या ग्रुपवरून कोणाच्या तरी नातेवाइकाकडे आणि तिथून मुलाच्या बहिणीकडे पोचला. त्यावर आडनाव चुकीचे होते. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जुने आडनाव होते आणि घरच्यांनी ते नंतर रीतसर बदलून घेतले होते. गोव्यात १९९० च्या नाव-आडनाव बदल कायद्याखाली असे बदल बऱ्याच घरांनी केले आहेत, त्यामुळे जुन्या हजेरीपटावरून नाव उतरवून घेणे इथे नेहमीच धोक्याचे. दुसरे म्हणजे एकाने मोबाईलवरच्या अॅपमध्ये पासपोर्ट आकाराचा फोटो घालून त्याचे हलते चित्र बनवले. मुलगा मान वळवतो, डोळे मिटतो, हसतो. ते बहिणीने रात्री अकराला पाहिले आणि सकाळपर्यंत ती झोपली नाही. तिसरी गोष्ट सत्काराची. बहिणीने फोनवर एवढेच विचारले, “आईचा सत्कार नेमका कशाचा?” समितीकडे उत्तर नव्हते.

हलत्या चित्राबद्दल ठाम मत नोंदवायला हवे. गेलेल्या माणसाचा चेहरा यंत्राने हलवू नये, आवाज बनवू नये. घरच्यांनी स्वतः मागितले तरच, आणि तेही फक्त त्यांच्या हातात. कारण त्या चित्रातले हसू त्याचे नसते. ज्या आईने त्याचे खरे हसू पाहिले आहे तिला ते एका क्षणात कळते, आणि मग खऱ्या हसण्याच्या आठवणीतही ते खोटे मिसळते.

घरी जाणे

समितीने सगळे थांबवले आणि शून्यापासून सुरुवात केली. घरी जायला दोघांना निवडले : एक मुलगा, जो शेजारच्या वाड्यावरचा, आणि एक मुलगी, जिला आई लहानपणापासून ओळखत होती. पाच जणांनी जाऊ नये. एवढी माणसे एकदम आली की घरच्यांना पाहुणचार करावा लागतो, आणि ‘नको’ म्हणणे जड जाते. आधी बहिणीला फोन, तिने सांगितलेली वेळ, रविवारी चारनंतर. हार, शाल, फोटोफ्रेम असले काही बरोबर नेले नाही. पहिल्या भेटीत काही पक्के करून घ्यायचे नाही, हेही आधी ठरले होते.

विचारायच्या गोष्टी पाच होत्या. कार्यक्रमात नाव घेतलेले चालेल का? नाव कसे म्हणायचे, रजिस्टरातले की घरातले? फोटो लावायचा का, आणि कोणता? घरातून कोणी येणार का, की कोणी येऊ नये असे वाटते? आणि कोणती गोष्ट अजिबात बोलायची नाही? शेवटचा प्रश्न सगळ्यांत उपयोगी ठरतो. उत्तर बहुधा लगेच मिळते आणि नेमके मिळते.

आई म्हणाली, “तुमी सगळीं आयलींत, बरें जालें.” मग बराच वेळ ती काही बोलली नाही. फोटो तिने स्वतः काढून दिला, आठवीतल्या सहलीचा, ज्यात त्याचे केस वाऱ्याने उडालेले आहेत. हार घालायचा नाही, असे बजावले. पावसाबद्दल, रस्त्याबद्दल, ‘तो कसा गेला’ याबद्दल कोणी बोलायचे नाही. आणि “तो आज एक्केचाळीस वर्षांचा असता” हे वाक्य नको, असे बहीण उंबऱ्यापर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली. वर्गमित्रांचे पिकलेले केस आणि त्यांची दहावी-बारावीतली मुले समोर दिसतच असतात. हिशोब आईने केव्हाच केलेला असतो.

तिथीचा मुद्दाही याच भेटीत निघाला. बॅचच्या ग्रुपवर दर ९ ऑगस्टला मेणबत्त्यांची चित्रे पडत. घरी मात्र श्राद्ध श्रावण शुद्ध द्वादशीला होते. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचे, त्यामुळे तिथी दरवर्षी अकराएक दिवस मागे सरकते आणि अधिक महिना आला की एकदम पुढे जाते. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता. त्या वर्षी ९ ऑगस्टला ग्रुपवर श्रद्धांजली झाली आणि घरी श्राद्ध २८ ऑगस्टला, म्हणजे १९ दिवसांनी. फोटो मागवण्यासाठी बहिणीला तेव्हा काही दिवस त्या ग्रुपमध्ये घेतले होते. तिला ९ तारखेला सकाळभर संदेश आले, आणि शेवटच्या मेणबत्तीनंतर वीस मिनिटांत एक विनोद. घरच्या माणसाला बॅचच्या ग्रुपमध्ये घेऊ नये. एकाच ठरलेल्या माणसाने तिच्याशी बोलावे, आणि तारीख घरची धरावी.

चालवणारा मित्र

याच्याशी कसे वागावे, हा सगळ्यांत नाजूक भाग होता. २१ वर्षांत तो एकाही भेटीला आला नव्हता. पहिल्या आराखड्यात त्याचा विचारच नव्हता. मंचावर त्याच्या मित्राचा हार घातलेला फोटो आणि समोरच्या खुर्चीत तो, ही स्थिती कोणाच्या डोळ्यांपुढे आली नव्हती.

समितीतला एक जण त्याला एकट्याने, त्याच्या कामाच्या ठिकाणापासून दूर भेटला. कार्यक्रमात काय होणार, कोण बोलणार, अपघाताचा उल्लेख होणार नाही, आई येण्याची शक्यता आहे, हे सगळे जसेच्या तसे सांगितले. त्याच्यापुढे तीन वाटा ठेवल्या : पूर्ण यावे, स्मरणाचा भाग झाल्यावर जेवणाला यावे, किंवा येऊ नये. यांतली कोणतीही निवडली तरी कोणी कारण विचारणार नाही. “झाले ते विसर”, “तुझी चूक नव्हती” असे काही बोलायचे नाही, हे आधीच ठरले होते. असे वाक्य ऐकणाऱ्याला उत्तर द्यावे लागते, आणि ते उत्तर देण्याची त्याची तयारी आहे की नाही हे बाहेरच्याला कळत नाही.

बोलताना तो झोप लागत नसल्याचे म्हणाला, म्हणून १४४१६ हा टेलीमानसचा क्रमांक त्याला दिला. हा केंद्र सरकारचा मोफत, चोवीस तास चालणारा मानसिक आरोग्य क्रमांक आहे. बॅचच्या समितीने समुपदेशक व्हायला जाऊ नये. क्रमांक द्यावा, आणि आठवडाभराने पुन्हा सहज फोन करावा.

तो संमेलनाला आला नाही. पण दोन आठवड्यांनी त्याने एक पाकीट पाठवले, ज्याबद्दल पुढे.

आठवणी गोळा करणे

फ्लेक्स रद्द झाला, सत्कार रद्द झाला. उरले ते एकच काम, जे घरच्यांना स्वतःहून करता येत नाही. शाळेतली, बसमधली, सुटीतली त्याची वर्षे आईने पाहिलेली नव्हती. सकाळी साडेसातला मुलगा कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसमध्ये चढला की दुपारपर्यंत तो वर्गाचा असे. ती दुपारपर्यंतची वर्षे घरी पोचवायची, असे समितीने ठरवले.

पहिल्यांदा ग्रुपवर “त्याच्याबद्दल दोन शब्द लिहा” असे आवाहन केले. ११ उत्तरे आली आणि ती सगळी एकसारखी : हसतमुख, मनमिळाऊ, मदतीला धावणारा, देवाला चांगली माणसे आवडतात. ही विशेषणे कोणत्याही फोटोखाली छापता येतात. म्हणून दुसऱ्यांदा मागताना प्रश्न बदलले. तो तुमच्या बाकापासून किती लांब बसायचा? त्याच्या खिशात किंवा कंपासपेटीत काय असायचे? त्याने म्हटलेले एक वाक्य जसेच्या तसे आठवते का? त्याने तुम्हाला कधी चिडवले? कमाल ८० शब्द, एकच प्रसंग, पाहिलेला किंवा ऐकलेला. लिहायला जमत नसेल तर व्हॉइस मेसेज, जो दुसऱ्याने उतरवून घ्यायचा. गोव्यात हे मुद्दाम सांगावे लागते. आठवण कोंकणीत येते, आणि लिहायला बसल्यावर लोक शुद्ध मराठीच्या धास्तीने निम्मी गाळतात. उतरवताना बोली तशीच ठेवली.

२७ जणांकडून ३१ चिठ्ठ्या आल्या. कंपासमध्ये फुटबॉलच्या पंपाची सुई. ती हरवू नये म्हणून तो वर्तुळाचा कंपास घरी ठेवायचा आणि भूमितीच्या तासाला मार खायचा. पावसाळ्यात खिशात भाजलेली बिकणां, म्हणजे फणसाच्या आठळ्या. शेवटची बस वळणावर दिसली की मागून धावत येणाऱ्या मुलींसाठी पायरीवर एक पाय ठेवून कंडक्टरशी हुज्जत घालायची. आणि सात चिठ्ठ्या एकाच गोष्टीबद्दल : गॅदरिंगच्या नाटकात तो सलग तीन वर्षे प्रॉम्प्टर होता. विंगेत उभा राहून त्याने कधी वही उघडली नाही, कारण सगळ्यांचे संवाद त्याला पाठ असत. नववीच्या वर्षी राजाचे काम करणारा मुलगा मंचावर अडला, तेव्हा याने संवाद न सांगता आतून खोकल्याचा आवाज काढला, राजाने मागे पाहिले, आणि प्रेक्षकांना ते नाटकातलेच वाटले. जत्रेच्या नाटकावर वाढलेल्या गावात हे कौशल्य काय असते ते कोणाला समजावून सांगायला नको. आईला मात्र इतकेच माहीत होते, की तो तालमीला जातो आणि त्याला काम कधी मिळत नाही. तिला त्याचे वाईट वाटत असे.

चिठ्ठ्या वाचायच्या कोणत्या, हे ठरवताना तीन गाळण्या लावल्या. खोड्या राहू दिल्या. खोड्या काढल्या की मुलाचा पुतळा होतो. दुसऱ्या कोणाची बदनामी होईल ते काढले. एका चिठ्ठीत वर्गातल्या एका मुलीचा उल्लेख होता, जी त्याला आवडायची. ती चिठ्ठी समितीने स्वतः न ठरवता त्या मुलीला दाखवली. तिने ती वाचू नका, पण फाडूही नका, असे सांगितले. ती तिच्याकडेच आहे.

लहान जुने फोटो मोबाईलने न काढता स्कॅनरवर ६०० डीपीआयला स्कॅन केले. मोबाईलने काढलेल्या चकचकीत फोटोत खिडकीचा उजेड आणि काढणाऱ्याची सावली उतरते, आणि मूळ फोटो परत गेल्यावर ते सुधारता येत नाही. मूळ प्रत ज्याची त्याला त्याच दिवशी परत, वहीत सही घेऊन.

मित्राच्या पाकिटात स्लॅमबुकचे एक पान होते, गेलेल्या मुलाने दहावीच्या निरोपाच्या दिवशी भरलेले. निळ्या शाईतले अक्षर, आवडता पदार्थ, आवडते मैदान, खाली तिरकी सही. बरोबर चिठ्ठी नव्हती. २१ वर्षांत घरात त्याच्या अक्षराचे काही उरले नव्हते. जर्नल्स आणि वह्या केव्हाच रद्दीत गेल्या होत्या. बॅचकडे शोधायची सगळ्यांत मोलाची वस्तू बहुधा हीच असते. पान स्कॅन करून मूळ पान मित्राच्या परवानगीने आईला दिले. कोणाकडून आले ते बहिणीला सांगितले, आणि आईला कधी सांगायचे ते तिच्यावर सोडले.

यादीत सापडलेले दुसरे नाव

पत्ते जुळवताना ५२ पैकी ४६ जणांशी संपर्क झाला. उरलेल्यांत एक मुलगी होती, लग्न होऊन कर्नाटकात गेलेली, आडनाव बदललेले. तिच्या भावाकडून कळले की ती २०१६ मध्ये आजाराने गेली. वर्गात कोणालाच माहीत नव्हते. मुलगा तालुक्यातच राहिला, मित्रांत राहिला, म्हणून त्याची आठवण टिकली. मुलींची माहेरची ओळख लग्नानंतर हजेरीपटावरच राहते. एकासाठी चिठ्ठ्या आणि दुसरीसाठी काही नाही, असे चालणार नव्हते. भावाला तेच पाच प्रश्न विचारले. त्याने फोटो नको, फक्त नाव घ्या, असे सांगितले. तसेच केले, आणि तिचे नाव मुलाच्या आधी, हजेरी क्रमांकाप्रमाणे घेतले. अशा वेळी यादी आधी पूर्ण करावी आणि मगच कार्यक्रम ठरवावा. समितीने हे उलट क्रमाने केले आणि दोन आठवडे धावपळ झाली.

कार्यक्रमाची वीस मिनिटे

निवृत्त शिक्षकांनी जुना हजेरीपट वाचायचा आणि त्याचा क्रमांक आल्यावर सगळ्यांनी मिळून “हजर” म्हणायचे, अशी सूचना आली. ऐकायला ती फार हलवून टाकणारी आहे, म्हणूनच बहिणीला आधी विचारले. ती म्हणाली, आई समोर असताना नको. सूचना सोडून दिली. ज्या क्षणाने सभागृह रडेल तो क्षण आईला आधी माहीत असलाच पाहिजे. तिच्यावर तो अचानक येता कामा नये.

स्मरण दीपप्रज्वलनानंतर लगेच ठेवले नाही आणि जेवणाआधीही नाही. लोक आलेले, एकमेकांना ओळखून झालेले, पोटात चहा गेलेला, अशा सकाळी अकराच्या सुमारास ठेवले. दोन नावे, एक मिनिट मौन. मौन सुरू झाले आणि संपले हे एकाच माणसाने स्पष्ट सांगायचे, पार्श्वसंगीत नाही. दोन मिनिटे म्हणून जाहीर केले की चाळीस सेकंदांत खुर्च्या सरकू लागतात आणि कोणीतरी संपल्यासारखे बसते. मग नऊ चिठ्ठ्या, १२ मिनिटे, दोघांनी आलटून पालटून वाचल्या. वाचणारे त्याचे जिवलग नव्हते. आवाज सांभाळू शकणारे होते. आदल्या दिवशी त्यांनी मोठ्याने वाचून वेळ मोजली होती. प्रॉम्प्टरच्या चिठ्ठ्या शेवटी. भाषण एकही नाही. आई शेवटच्या रांगेत दाराजवळ बसली होती, उठून जाता यावे म्हणून. ती गेली नाही.

पारितोषिक

१,००१ रुपयांच्या पारितोषिकात दोन दोष होते. दरवर्षी वर्गणी काढून दिलेली रक्कम साधारण तिसऱ्या वर्षी थांबते, आणि थांबलेले पारितोषिक हे न सुरू केलेल्यापेक्षा वाईट, कारण शाळेच्या फळ्यावर नाव तसेच राहते. दुसरे म्हणजे मराठीत पहिला येण्याशी या मुलाचा काहीच संबंध नव्हता.

म्हणून कायम ठेव केली, १,२०,००० रुपयांची. ६ टक्के व्याज धरले तर वर्षाला ७,२०० येतात. त्यांतले ५,००० पारितोषिक, ७०० प्रमाणपत्र आणि चौकट, उरलेले १,५०० मुद्दलात परत, म्हणजे महागाईने रक्कम पोकळ होण्याचा वेग थोडा कमी होतो. व्याज ५ टक्क्यांवर आले तरी ६,००० मिळतात आणि काम भागते. ठेव शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या नावाने, दोन सह्यांची, आणि संस्थेच्या समितीच्या लेखी ठरावासह. व्यक्तीच्या नावाने ठेवली की तो माणूस बदलीवर गेला वा वारला की पैसे अडकतात. ठरावात पारितोषिक कशासाठी, कोण निवडणार, रक्कम कधी वाढवणार, शाळा बंद पडल्यास मुद्दल कुठे जाणार, हे चार मुद्दे लिहिले.

वर्गणी गोळा करताना पुन्हा एक चूक झाली. नावापुढे आकडा लिहिलेली यादी ग्रुपवर टाकली गेली. कोणी २०,००० दिलेले पाहून ज्यांना ५०० द्यायचे होते ते गप्प बसले. यादी काढून टाकली, एका खजिनदाराला थेट द्यायचे आणि फक्त एकूण बेरीज जाहीर करायची असे ठरले. मग ३८ जणांनी दिले.

पारितोषिक आता गॅदरिंगमध्ये पडद्यामागे काम करणाऱ्या विद्यार्थ्याला मिळते : प्रॉम्प्टिंग, प्रकाश, नेपथ्य, वेशभूषा. देण्याची वेळ गॅदरिंगचीच ठेवली, निकालाची नव्हे. गोव्यात २०२५ पासून सहावी ते दहावीचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, त्यामुळे निकाल-प्रवेशाच्या वेळापत्रकाला बांधलेली पारितोषिके त्या वर्षी इकडेतिकडे झाली. हे पारितोषिक तसे झाले नाही. प्रमाणपत्रावर ‘कै.’ नको आणि साल नको, असे आईने सांगितले. नुसते नाव, घरी हाक मारायचे ते.

पुढच्या बॅचेससाठी

२००३ मध्ये गेलेल्या मुलाचे कुठे खाते नव्हते. आताच्या मुलांचे असते. व्हॉट्सअॅपचे खाते १२० दिवस वापरले नाही की सहसा काढले जाते, आणि वर्गाच्या ग्रुपवर एका दुपारी ‘ग्रुप सोडला’ अशी ओळ उमटते. बंद झालेला मोबाईल क्रमांक काही काळाने दुसऱ्याला मिळतो, आणि त्याच्या नावासमोर अनोळखी चेहरा दिसतो. वर्गाला हे आधी सांगून ठेवावे, आणि घरच्यांना विचारून त्याचे जुने संदेश, व्हॉइस मेसेज लगेच उतरवून घ्यावेत. फेसबुकवर मृत्यूचा पुरावा देऊन खाते स्मृतिखाते करून घेता येते. मग वाढदिवसाची सूचना मित्रांना जात नाही.

चिठ्ठ्यांची फाईल दोन प्रतींत केली, एक घरी आणि एक शाळेच्या वाचनालयात, घरच्यांच्या संमतीने. संमेलनात न वाचलेल्या चिठ्ठ्याही घरच्या प्रतीत आहेत. आईला बारीक अक्षर वाचता येत नाही, म्हणून १८ च्या आकारात छापल्या, पानाला एक. वर्गातले दोघे दरवर्षी द्वादशीनंतरच्या रविवारी घरी जातात; कोण जाणार याची जोड्यांची यादी २०३० पर्यंत लिहिलेली आहे, कारण “आम्ही येत जाऊ” म्हणून कोणी जात नाही. संमेलनानंतर आणखी चार चिठ्ठ्या आल्या. त्यांतली एक एका निवृत्त कंडक्टरची आहे.